छत्तीस क्रेडिट आणि वर चार

“क्रेडिट म्हणजे नक्की काय हो?”

घाटकोपरच्या त्या कॉलेजात, दुसऱ्या पदवीच्या प्रवेशखिडकीशी गंधालीने विचारलं... आणि नेमकं तेच, त्याच क्षणी, शेजारच्या तरुणानेही विचारलं. खिडकीतल्या मालनताईंनी दोघांकडे चष्म्यावरून पाहिलं, एक छापील कागद सरकवला आणि जेवायला खिडकी लावून घेतली.

कागद एक, माणसं दोन. मग बाकावर बसून तो एकत्र वाचणं आलंच.

“प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट, म्हणजे त्याचं वजन. पहिल्या पदवीतले विषय इथल्यांशी जुळले, तर ते पुन्हा शिकायचे नाहीत,” तो वाचत म्हणाला. “चाळीस क्रेडिट जुळले की थेट दुसरं वर्ष. तुमचं काय?”

“बी.कॉम. आणि इथे पर्यावरणशास्त्र. काय जुळणार, कपाळ! तुमचं?”

“बीएस्सी, प्राणिशास्त्र.” त्याने बोटांवर हिशेब केला. “छत्तीस. च्यायला, चारांसाठी वाट लागली!”

गंधाली खळखळून हसली. असं आपण शेवटचं कधी हसलो होतो, ते तिचं तिलाच आठवेना.

नाहूरच्या दोन खोल्यांत ती एकटीच राहायची. बाबा लहानपणीच गेले, आई गेल्या वर्षी. विम्याच्या ऑफिसात पाच दिवस कसेबसे सरायचे, पण शनिवार नुसता खायला उठायचा. अजूनही तिच्या हातून भात दोघींचाच पडायचा. खरं सांगायचं तर तिला पदवी नकोच होती, शनिवारी जायला एक जागा हवी होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला?

त्याचं नाव विपुल, वेसाव्याच्या कोळीवाड्यातला. खाडीच्या पाहणीचं एक काम त्याच्यासाठी थांबलं होतं, फक्त ही पदवी हवी होती.

“एक वर्ष आधी सुटलो ना, तर आईला मासळीबाजारात बसू देणार नाही. गुडघे गेलेत तिचे,” तो एकदा म्हणाला होता.

पहिल्या वर्षाचा वर्ग शनिवारी भरायचा. विपुल आधी येऊन शेजारच्या जागेवर बॅग ठेवायचा, ती आली की उचलायचा. दुसऱ्या शनिवारी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं.

“तुमच्याकडे प्रेमाचा विमा निघतो का गं?”

“निघतो ना. पण आधी तब्येत तपासतात. नापास होशील!”

“तपासून तर बघ...”

ती वहीत डोकं खुपसून बसली. कान मात्र लाल झाले होते.

त्याच संध्याकाळी, तिच्याकडे राहिलेल्या त्याच्या फाइलमधला जुना अभ्यासक्रम सहज चाळताना ती थबकली. ‘जैविक मापनपद्धती’ नावाचा त्याचा पेपर म्हणजे इथलंच संख्याशास्त्र होतं! नाव निराळं, धडे तेच. नमुने, सरासरी, तक्ते... ती रोज ऑफिसात हेच तर करत होती. चार क्रेडिट. विपुलचे चाळीस झाले होते!

आणि दुसऱ्या वर्षाचा वर्ग रविवारी भरायचा.

तिने फाइल मिटली. पुढच्या शनिवारी ती काही बोलली नाही. बॅग उचलली गेली, ती बसली, आणि घरी येऊन स्वतःचीच लाज वाटून खूप रडली.

त्यानंतरचा शनिवार म्हणजे थेट दुसऱ्या वर्षासाठीच्या अर्जाची शेवटची तारीख. वर्ग सुटला, तिने तो पेपर त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं एका दमात समजावलं. विपुलचे डोळे चमकले, मग बारीक झाले.

“हे कधी कळलं तुला?”

“दोन आठवडे झाले.”

“आणि आज सांगतेस?”

“शेजारी हवा होतास रे... म्हणून.” तिने फाइल त्याच्याकडे सरकवली. “पण तुझं अख्खं वर्ष अडवून मी काय करू? जा ना, चारला खिडकी बंद होते.”

तो फाइल उचलून गेला.

वर्ग रिकामा झाला. कुणीतरी पंखे बंद केले. गंधाली मात्र तिथेच बसून राहिली. नाहूरला जाऊन तरी काय करायचं होतं? गेला, तिने मनाशी म्हटलं. बरं झालं... आणि हे बरं सोसवेना.

चार वाजून गेल्यावर दारात पावलं वाजली. विपुल पावती घेऊन उभा होता.

“झालं. थेट दुसरं वर्ष,” तो म्हणाला. “पण रागावलोय मी तुझ्यावर.”

“माहितेय.”

“काही माहीत नाही तुला. तुझ्या शेजारी बसायला मला वर्गच लागतो, असं वाटलं ना तुला?”

आणि त्या रिकाम्या वर्गात तो तिच्या शेजारी येऊन बसला.