शिरसईची उघाडी

आश्विनातल्या अवसेची पहाट उजाडत होती तेव्हा खारकोटाच्या बुरुजाखालून समुद्र पार दूर ओसरून गेला होता, आणि मागे उरलेल्या चिखलात बगळे आपलीच जहागीर असल्यासारखे हिंडत होते. बुरुजावर फिरंग्यांचे निशाण होते. खाली शिरसईचे खाजण पसरले होते. पूर्वजांनी बांध घालून समुद्राच्या तोंडातून काढलेली, कापणीला आलेल्या भाताने पिवळी पडलेली जमीन. सारा मुलूख दिवाळीच्या गडबडीत होता. शिरसईकर मात्र डोंगराच्या खडकाळ माळावर पाले ठोकून, आपल्याच शेताकडे बघत बसले होते.

हा सारा सरकारी बंदोबस्ताचा प्रताप. भाद्रपद सरता सरता फिरंगी बादशहाच्या मुलखातून एक जहाज आले आणि त्यातून या खेपेस फौज नव्हे, तर बायकापोरे उतरली. देशोधडीला लागलेले कुणबी, मेलेल्या शिपायांच्या विधवा, अनाथ मुली. त्यांना इथे वसवून किनारा कायमचा आपलासा करावा, असा वरून हुकूम होता. किल्लेदार दों दुआर्ती याने तो असा बजावला की शिरसईची घरे पाडली, जमीन उभ्या पिकासकट पाहुण्यांना तोडून दिली, आणि त्यांच्या झोपड्यांची सरळ रांग ऐन खाजणात, तोफांच्या नजरेखाली उभी केली. खाजणात घर बांधू नये हे शिरसईचे शेंबडे पोरही जाणत होते. पण त्यांना विचारतो कोण?

शिरसईचे वतनदार रुद्राजी देसाई यांना मात्र किल्लेदाराने अगत्याने बोलावले होते. त्या पट्टीचा रिवाजच तसा होता. धक्क्यावर देसायाने ज्याच्या हाती नारळ ठेवला, तो पुढल्या पेरणीपर्यंत गावाचा आश्रित. त्याच्या जिवाला अपाय झाला तर ते पाप देसायाच्या माथी. "देसाई, नारळ आपल्याच हातून दिले जावेत," दों दुआर्ती हसतमुखाने म्हणाला होता. "आपण नकार दिलात, तर आपल्या रयतेला तो डोंगरही राहणार नाही." रुद्राजींनी नारळ दिले. गावाने ते सक्तीचे सोंग मानले आणि सोडून दिले. रुद्राजींना काही केल्या ते सोंग मानता येईना.

त्या पहाटे धाकटा भाऊ चांगोजी गुडघाभर चिखलाने माखून पालाशी आला.

"दादा, आज आपण खाली उतरू नये," तो म्हणाला.

"का?"

"उघाडीच्या फळ्या काढल्या आहेत. कांदळवनात टाकल्या. पंचांनी ठरवले आणि आम्ही केले."

उघाडी म्हणजे बांधातले दार. ओहोटीला ते उघडून आतले पाणी सोडायचे, आणि भरती लागताच जाड फळ्या एकावर एक खाचेत सरकवून समुद्राला बाहेर थोपवायचे. अवसेची भरती दुपारी भरणार होती, आणि खालच्या झोपड्यांत निम्मी माणसे तापाने फणफणत भुईवर पडली होती.

"खारे पाणी शिरले तर जमीन नासेल, चांगोजी. तुझ्या नातवांनाही पिकणार नाही."

"जमीन आता आपली कुठे राहिली, दादा?"

"पण ती माणसे माझी आश्रित आहेत."

"आणि आम्ही कोण?" चांगोजी म्हणाला. "किल्ल्यावर वर्दी द्यायची असेल तर खुशाल द्यावी. उद्या याच माळावर आम्ही रांगेने फासावर लटकू, तेही आपण बघावे."

वर्दी द्यावी तर गाव मरणार, न द्यावी तर पाहुणे मरणार. रुद्राजींनी फेटा खाली ठेवला, धोतराचा काचा मारला आणि एकटेच उतार उतरू लागले. "तू येऊ नकोस," एवढेच मागे वळून म्हणाले. चांगोजी आला नाही.

कांदळवनाच्या मुळांतून भिजल्या फळ्या एकेक ओढत आणेपर्यंत सूर्य चांगलाच वर आला आणि भरती लागली. म्हाताऱ्याने कमरेइतक्या पाण्यात उभे राहून पहिली फळी खाचेत बसवली, मग दुसरी. तिसरी लोंढ्याने उलटून त्यांच्या छातीवर आदळली, तरी त्यांनी ती सोडली नाही. शेवटची फळी अंगाचा भार टाकून ते दाबत होते तेव्हा बांधावर बूट वाजले. दोन-चार झोपड्यांत पाणी शिरल्याची ओरड किल्ल्यावर पोचली होती, आणि धावत आलेल्या शिपायांना दिसले ते एवढेच, की उघाडीत देसाई उभा आहे आणि त्याचे हात फळीवर आहेत.

"देसाई, फळ्या कोणी काढल्या?" सदरेवर दों दुआर्तीने विचारले. "नाव सांगावे आणि सुखाने घरी जावे."

घर कुठे ठेवलेत, असे रुद्राजींच्या अगदी ओठांवर आले होते. "मीच काढल्या," ते म्हणाले.

"मग आमच्या शिपायांनी पाहिले तेव्हा त्या बसवीत का होतात?"

"भीती वाटली."

किल्लेदार काही दूधखुळा नव्हता. त्याला सारे उमगले होते. पण देसाई गुन्हेगार ठरला की देसायाचे वतन सरकारात जमा होणार होते, आणि हे त्याला पुरेसे होते.

फाशी धक्क्यावरच दिली. ज्यांना बुडता बुडता वाचवले ती माणसे हा आपल्या मुळावर उठलेला वैरी पाहायला मुद्दाम आली, आणि एका विधवेने पोर कडेवर घेऊन त्यांच्यावर दगड भिरकावला. आपल्या गावाला टाकून फिरंग्यांना वाचवणारा म्हणून शिरसईकरांनीही त्यांच्याकडे पाठ फिरवली. गर्दीत चांगोजी तेवढा पुढे सरकला आणि त्याने तोंड उघडले. पण रुद्राजींनी त्याच्याकडे असे काही पाहिले की तो जागच्या जागी थिजला. प्रेताला खांदा द्यायला चौथा माणूस मिळाला नाही.

पुढच्या पावसाळ्यात बांध फुटला. तो बुजवावा कसा हे पाहुण्यांना ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते ते डोंगरावर उपाशी राहून केव्हाच चहूकडे पांगले होते. शिरसईवर समुद्र पसरला. तापातून जगलेली फिरंगी माणसे किल्ल्याच्या दारात भीक मागू लागली. चांगोजी परमुलखात मोलमजुरी करून म्हातारा झाला, पण दादांनी नजरेने घातलेली शपथ त्याने मोडली नाही. ज्या गावाला वाचवण्यासाठी तो जन्मभर गप्प राहिला, त्या गावात परतायला आता कोणीच उरले नव्हते.