सातव्या ठोक्यानंतर

"अहो, रुळांपासून लांब व्हा! काय मोजताय एवढं?"

मी दचकले. वही चिखलात पडता पडता वाचली. समोर पिवळ्या जाकिटातला एक जण उभा होता, खांद्यावर हत्यारांची पिशवी, केसांवर भुरभुर पावसाचे थेंब.

"ठोके," मी म्हटलं. "फाटकाच्या घंटेचे."

"का? कमी पडले तर तक्रार करणार?"

त्या मार्गावरचे सिग्नल तोच सांभाळायचा. मी मावशीच्या दुकानात पुस्तकांची बांधणी करते आणि रविवारी जुनी रेल्वे फाटकं बघत हिंडते. खांबाला दिवे किती, काच कुठल्या लाल रंगाची, घंटा कशी वाजते... सगळं वहीत उतरवते. "लोकांच्या मुली स्थळं बघतात, आमची खांब बघते," असं मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

ही घंटा माझी लाडकी होती. सात ठोके झाले की ती अडखळायची... मग आठवा. लहानपणी बाबांच्या सायकलवर पुढे बसून मी इथे थांबायचे. घंटा अडखळली की बाबा म्हणायचे, "थांब, दम खातेय बिचारी." बाबा आता नाहीत. आणि महिनाअखेर ही घंटा काढून तिथे भोंगा बसणार होता. त्याआधी मला तिचा आवाज जपून ठेवायचा होता. चांगला रेकॉर्डर उसना मिळणार होता, तोही नेमका शेवटच्या रविवारी.

तोवरचे तीन रविवार तो मला काय काय दाखवत राहिला. खांबावरची गंजलेली पट्टी, दिव्याच्या आतला आरसा. खरं सांगते, वहीतल्या नोंदी कमी व्हायला लागल्या आणि त्याच्या बोटांवरचं ग्रीस जास्त लक्षात राहायला लागलं. बाबांचं मात्र मी त्याला काही बोलले नाही.

शेवटच्या रविवारी घंटा लख्ख चमकत होती. तोही.

"तुमच्यासाठी पहाटेपासून झटतोय," तो म्हणाला. "आता ऐका!"

गाडी आली. सहा, सात, आठ, नऊ... एकही ठोका चुकला नाही. माझे डोळे भरून आले.

"ती... अडखळायची."

"हो ना! स्प्रिंग ढिली झाली होती. बदलून टाकली."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला नसता शहाणपणा करायला?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मी मागे न बघता निघून आले.

"पण तुला काय हवंय, हे त्याला सांगितलं होतंस का?" मावशीने विचारलं. आवाज तर गेलाच होता, आणि त्याला भेटायचं निमित्तही.

आठवड्याने तो दुकानात आला. गल्ल्यापाशी उभा राहून त्याने खिशातून एक काड्यापेटी काढली. आत जुनी स्प्रिंग होती.

"घंटा आता वर्कशॉपमध्ये आहे. तिथे तिच्या भरवशावर कुणी रूळ ओलांडत नाही," तो खाली बघत म्हणाला. "ही परत बसवू?"

मावशीने माझ्या हातातली सुई काढून घेतली. "जा."

अजून परत न केलेला रेकॉर्डर मी वर्कशॉपच्या टेबलावर चालू करून ठेवला, आणि घंटा वाजली. सात... आणि ती अडखळली... मग आठवा. मी रडले, हसले, आणि बाबांचं सगळं त्याला सांगितलं. त्याने घंटेचं बटण बंद केलं.

"मलाही एक सांगायचंय. पहिला दिवस सोडला, तर रविवारी माझी फाटकावर ड्यूटीच नसायची. मी आपला... म्हणजे तुम्ही..."

तो थांबला. कान लाल झाले होते. एरवी मीच काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. पण या घंटेपाशी थांबायला मला बाबांनी शिकवलं होतं. मी थांबले.

"...मला तुम्ही फार आवडता."

"आवडतेस म्हण," मी म्हटलं.

रेकॉर्डर चालूच होता, हे घरी आल्यावर कळलं. मावशी रोज ऐकायला मागते. मी तिला फक्त आठव्या ठोक्यापर्यंत ऐकवते.