पावडर पचवणाऱ्या अळ्या

"देवसिंगनं पावडरीत राख मिसळली!" बबनराव ओट्यावरून गरजले. "चोर हाये तो! उद्या साऱ्या गावाले सांगतो, याले कामावर घेऊ नका!"

दिवाळीच्या सुटीतले तीन दोस्त दारातच खिळले. बबनरावांची कोकिळा, भीमराज आणि तांड्यावरची लाली. देवसिंग म्हणजे लालीचाच बाप! मारेगावच्या आसपास कपाशीवर डीडीटीची पावडर धुरळायचं काम तोच करायचा. पावडरीची पोटली बडवत तो ओळीओळीनं फिरे. बबनरावांच्या वावरात तो तीनदा फिरला, तरी बोंडातल्या अळ्या जिवंतच!

"माझा बा चोर नाही!" लाली रडायलाच लागली.

"रडू नको व! पावडरीचा डबा गोठ्यात हाये. आपणच पाहू!" कोकिळा म्हणाली.

त्यांनी बोंडं फोडून अळ्या बरणीत टाकल्या आणि वरून काडीनं पावडर भुरभुरली. दुपार झाली. अळ्या मजेत वळवळत होत्या!

"आता काय व?" भीमराज पुटपुटला. "राखच दिसते."

 लाली पळत नाल्यापलीकडे, तांड्याच्या वावरात गेली आणि तिथल्या अळ्या घेऊन आली. त्या दुसऱ्या बरणीत सोडून त्यांच्यावर त्याच डब्यातली पावडर टाकली. तासाभरात साऱ्या मेल्या!

"बाबा!" कोकिळा ओरडली. "पावडर अस्सल हाये! अळ्याच येगळ्या हायेत!"

"अळी ती अळीच! येगळी कायची?"

"बाबा, चार वर्षं झाली, तुम्ही मनमानी पावडर मारून राह्यले. मरायच्या त्या मेल्या. ज्यांले पचली, त्यांचीच पिल्लं ही! तांड्यावर कोणी कधी पावडर मारलीच नाही."

बबनरावांनी दोन्ही बरण्या निरखून पाहिल्या. मग त्यांनी स्वतः जाऊन देवसिंगला बोलावून आणलं.

"चुकलं माझं, देवसिंग. शाब्बास रे पोरांनो! आमच्यापेक्षा तुमचेच डोळे उघडे!" लालीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. "पण आता ह्या मारू कायनं?"

  पोरं वावरात शिरली आणि पोखरलेली बोंडं वेचू लागली. टोपली भरली, पण एक ओळसुद्धा संपली नाही!

दिवस मावळला तशी कपाशीतून पाखरं उठली. बारकी, करड्या पंखांची, ह्याच अळ्यांची झालेली. ती नाल्याकडे निघाली.

"आमच्या वावराकडे चालली, अंडी घालायले!" लाली किंचाळली. "हाकला ना त्यांले!"

तिघंही ओढण्या अन् शेला हलवत नाल्यापर्यंत धावली. पाखरं त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेली.