शेजारच्या सीटचा ब्रेक

बसा, बसा. वीज गेली म्हणून क्लास सुटला असं कुणी सांगितलं तुम्हाला? हा चार्जिंगचा दिवा आहे, मी आहे, आणि अजून पाऊण तास माझा आहे. भिंतीवरची वाहतुकीची चिन्हं अंधारात दिसायची नाहीत, तेव्हा आज आरशाबद्दल बोलू. आरशात कधी बघायचं हे पुस्तकात आहे. कधी बघायचं नाही, ते मी माझ्या धाकट्या भावाच्या निमित्ताने शिकले. मध्येच कुणी किंचाळलं तर उद्या चढावर गाडी थांबवून परत सुरू करायला लावीन, सांगून ठेवते.

तर त्या दुपारी मी आपली शिकाऊ गाडी गॅरेजला टाकायला गेले होते. माझ्या बाजूचा ब्रेक ढिला झाला होता. तुम्ही बघताच, शिकणारा तिकडे स्टिअरिंगवर, मी इकडे शेजारी, आणि माझ्या पायाशी एक जादा ब्रेक. त्या ब्रेकवर पाय ठेवून निम्मं आयुष्य गेलं माझं. आता घरी सोफ्यावर बसले असले आणि टीव्हीत एखादी गाडी जोरात आली, तरी माझा पाय फरशीवर दाबला जातो. नवरा हसतो. हसू दे, त्याला अजून पार्किंग जमत नाही.

मेकॅनिक म्हणाला, वेळ लागेल. मी सावली शोधत रस्ता ओलांडला, तर समोरच्या इमारतीच्या तळघराच्या तोंडाशी धाकट्याची स्कूटर उभी. माझा धाकटा ॲम्ब्युलन्स चालवतो. भर दुपारी त्याची स्कूटर गेम पार्लरपाशी कशाला असेल? मी त्याला कान धरून बाहेर काढायच्या इराद्यानेच पायऱ्या उतरले.

खाली दुपार नव्हतीच. काचांना काळा कागद चिकटवलेला, मशीनच्या लाल-निळ्या उजेडात सगळं बुडालेलं. बाकीची यंत्रं एकटीच गाणी म्हणत होती, समोर कुणी नाही. आणि वास... टायर जळल्याचा. मला गाडीतला प्रत्येक वास कळतो. पण तिथे टायर आणायचा कुठून? सगळ्या गाड्या पडद्यावरच्या.

कोपऱ्यात रेसचं मशीन होतं. शेजारी-शेजारी दोन सीट, दोन स्टिअरिंग, दोन पडदे. उजव्या सीटवर धाकटा बसला होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, डोळे तारवटलेले. पडद्यावर बुटक्या बुटक्या कार्ट, म्हणजे शर्यतीच्या छोट्या गाड्या, पळत होत्या आणि त्याची पिवळी सगळ्यांच्या पुढे होती. खूप पुढे. मागे रस्ता मोकळा. शेवटचं वळण आलं, आणि कुठून कोण जाणे, एक हिरवी कार्ट बंदुकीच्या गोळीसारखी आली, त्याला धक्का देऊन शर्यत संपायची रेघ ओलांडून गेली.

धाकट्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

"काय रे हे?" मी म्हटलं. "ड्युटी सोडून खेळतोयस? वय काय तुझं?"

तो दचकला. मला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिशी ओलांडलेला माझा भाऊ, अपघातातली माणसं उचलून आणणारा... कान धरायला उचललेला हात मी खाली घेतला.

"ताई, मला कामावरून काढतायत," तो म्हणाला. मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. मागे कधीतरी ॲम्ब्युलन्स गॅरेजमध्ये होती तेव्हा वेळ घालवायला म्हणून तो इथे आला. हरला. पुन्हा खेळला, पुन्हा हरला. आणि मग एक दिवस खऱ्या रस्त्यावर, सायरन चालू असताना, त्याला मागून ते इंजिन ऐकू आलं.

"आरशात बघितलं तर... तोच, ताई. हिरवा. गाड्यांच्या मधून येत होता. मी कितीही दामटली तरी जवळच. परवा तर मी गाडी बाजूलाच घेतली. म्हटलं, जा बाबा पुढे. आणि मागे एक आजी होत्या... श्वास लागलेल्या. सिस्टर ओरडत होती, चल म्हणून. मला एक्सलरेटरवर पायच ठेवता येईना."

"आणि आजी?"

"वाचल्या. थोडक्यात. साहेब म्हणाले, उद्या सकाळी नीट गाडी चालवून दाखव, नाहीतर चाव्या ठेव." त्याने पडद्याकडे पाहिलं. "एकदा, फक्त एकदा ह्याला हरवलं ना, तर सोडेल तो मला. मला माहितीये."

एरवी मी त्याला खुळ्यात काढलं असतं. पण त्याला गाडी मी शिकवली होती. त्याचे हात मला ठाऊक आहेत. पहिल्या दिवसापासून स्टिअरिंगवर स्थिर. ते हात आता थरथरत होते. आणि तुम्हाला माझा स्वभाव माहीतच आहे, तळपायाची आग मस्तकात गेली.

"उठ," मी म्हटलं. "बघू तरी कोण मोठा लागून गेलाय."

मी खेळले. सांगायला लाज कशाला, पहिल्यांदा मी भिंतीवरच गेले. दुसऱ्यांदा जमलं. एक वळण चुकवलं नाही की कुठे घसरले नाही. तो हिरवा मागे एका खड्ड्यात पडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. खड्ड्यात! आणि शेवटच्या वळणाला हा माझ्या शेजारी हजर. मग मी हळू चालवून बघितलं, तर तोही माझ्यामागे रेंगाळला. मी पळाले की तो पळायचा, तेही माझ्यापेक्षा दुप्पट. हातातोंडाशी आलेला घास दर वेळी शेवटच्या क्षणी काढून घ्यायचा. वळणं, खड्डे, तेल सांडलेला रस्ता, सगळं आपल्याला. त्याला काहीच नाही.

"अरे ही काय शर्यत आहे?" मी मशीनवर हात आपटला. "ही तर राजरोस दरोडेखोरी! हा कसला कार्ट चालवणारा, हे तर बिनशिस्त कार्टं आहे!"

गल्ल्यावरचा म्हातारा पार्लरवाला चहाचा कप घेऊन जवळ आला. तो कुजबुजला, "बाई, त्याला कुणी हरवत नाही. कंपनीचा माणूस आला होता, म्हणाला, हिरवी गाडी या खेळात घातलेलीच नाही आम्ही. मशीन न्या म्हटलं, तर परत आलाच नाही."

त्याच वेळी रेघ ओलांडून थांबलेल्या त्या हिरव्या गाडीतल्या हेल्मेटने मान वळवली. पडद्याच्या बाहेर. माझ्याकडे नाही, माझ्यामागे उभ्या असलेल्या धाकट्याकडे. हेल्मेटची काच काळी होती, आत काही दिसत नव्हतं. धाकट्याने माझा खांदा घट्ट धरला.

खोटं कशाला बोलू, घाबरले मी. घरी जावं, देवासमोर दिवा लावावा आणि गप्प बसावं असं वाटलं. पण सकाळी चाव्या जमा करून हा माझ्या दारात येऊन उभा राहील, ते चित्र त्या हेल्मेटपेक्षा वाईट होतं.

"तू बस," मी त्याला म्हटलं. "तू चालव. पहिल्या दिवशी चालवली होतीस तशी. मी आहे शेजारी."

आणि इथे माझ्याकडून चूक झाली. मागे उभं राहायचं सोडून, सवयीने, मी वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसले. पार्लरवाल्याच्या हातातला कप हिंदकळला.

"तिथे नको, बाई... तिथे कुणी बसत नाही."

सीट गरम होती. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. नाही, चुकलं... कुणी उठलंच नसल्यासारखी. टोकन एकच टाकलं होतं, उजव्या बाजूचं. तरी माझ्यासमोरचा पडदा उजळला आणि त्यात मला हिरवं बॉनेट दिसलं. समोरचं स्टिअरिंग आपसूक डावी-उजवीकडे झुलायला लागलं.

"ताई..." धाकटा म्हणाला.

"पुढे बघ."

शर्यत सुटली. धाकट्याची पिवळी पुढे निघाली. आणि माझ्या पडद्यावर मी त्या हिरव्याच्या जागेवरून त्याची पाठ बघत होते. जळक्या रबराचा वास इतका वाढला की डोळे चुरचुरायला लागले. माझ्या कानाशी कुणीतरी श्वास घेत होतं. हेल्मेटच्या आतून घेतात तसा, कोंडलेला. एक वळण. दुसरं. हिरवा मुद्दाम मागे राहत होता, मला कळत होतं. मांजर उंदराला पळू देतं तसा. मग शेवटचा लांब उतार आला आणि समोरचं एक्सलरेटर, कुणी पाय न ठेवता, तळापर्यंत दबलं.

आणि माझ्या पायाने ब्रेक मारला.

मी ठरवलं नव्हतं. उतारावर शिकाऊ बावळटासारखा गाडी सोडतो तेव्हा माझा पाय काय करतो? तेच केलं त्याने. पडद्यातली हिरवी गाडी करकचून थांबली. पार्लरवाल्याच्या तोंडून "अगं आई" निघालं.

मग तो ब्रेक वर यायला लागला. मी दाबलेला. माझ्या तळव्याखाली पॅडल नव्हतं... पाय होता. बुटातला, आणि बर्फासारखा गार. खालून रेटत होता.

"सोडा..." कानाशी आवाज आला. अगदी हलका. विनवणीचा नाही, तर सवय नसल्याचा. त्याला आजवर कुणी थांबवलंच नव्हतं.

माझी बोबडी वळायला हवी होती. पण शिकाऊ माणूस मला उलट बोलतो म्हटल्यावर माझं डोकं फिरतंच. "गप!" मी ओरडले. "उतारावर एक्सलरेटर दाबतोस? कुणी शिकवलं तुला? पाय काढ आधी!"

क्षणभर तो रेटा थांबला. खरंच सांगते, थांबला. ओशाळल्यासारखा.

"ताई, तो येतोय का? दिसत नाहीये मला... कुठे आहे तो?" धाकट्याचे डोळे पडद्यातल्या आरशावर खिळले होते. वेग कमी होत होता. त्याला थांबवायला हिरव्याची गरजच नव्हती, आरशातली रिकामी जागा पुरे होती.

"आरशात बघू नकोस! तुझ्या मागे जे आहे ते माझ्याकडे आहे. तू पुढे बघ रे, राजा. रस्ता तुझा आहे."

त्याने मान वर केली. त्याच वेळी खालून असा हिसका बसला की माझा गुडघा स्टिअरिंगच्या दांड्यावर आदळला आणि पाय निसटला. हिरवी गाडी सुटली. सगळं अंतर तिने एका श्वासात गिळलं. पिवळीच्या मागे... पिवळीच्या बाजूला... आता माझ्या हातात काही नव्हतं. मी नुसती धाकट्याच्या हातांकडे बघत होते.

ते थरथरत नव्हते.

हिरव्याने धक्का द्यायला तोंड वळवलं. धाकट्याने ना वेग कमी केला ना तिकडे बघितलं, फक्त बोटभर वाट सोडली. ॲम्ब्युलन्सवाले रोज सोडतात तशी, आडमुठ्या गाडीला. धक्का हवेत गेला, हिरवा कठड्यावर आदळला आणि पिवळी रेघेपलीकडे गेली. पहिली!

काय आरडाओरडा केला आम्ही! धाकट्याने मला सीटवरून उचललंच. म्हाताऱ्याने कप टाकून टाळ्या पिटल्या. मी त्या मशीनला बोट दाखवून नाही नाही ते बोलले, ते इथे सांगत नाही, तुमच्यात काही जणी लहान आहेत. धाकटा रडत होता, हसत होता, आणि मी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणत होते, "बघितलंस? बघितलंस ना?" जन्मात कधी इतका आनंद झाला नव्हता मला. निघताना त्या डाव्या सीटवर हात टेकला. गार पडली होती.

दुसऱ्या सकाळी साहेबांना शेजारी बसवून त्याने गाडी चालवून दाखवली. साहेबांनी चाव्या त्याच्या हातात ठेवल्या आणि संध्याकाळच्या आत तो पहिला रुग्ण घेऊन आपल्या क्लासच्या दारावरून गेला. तुमच्या आधीच्या बॅचला मी रस्त्यावर उभं करून दाखवलं होतं, कडेच्या सगळ्या गाड्या कशा भराभर बाजूला होत होत्या ते. आज त्याच्याइतक्या लवकर हॉस्पिटल गाठणारा ड्रायव्हर गावात नाही. माझा विद्यार्थी आहे, म्हटलं!

फक्त गाड्या जरा लवकरच बाजूला होतात. सायरन ऐकू यायच्या आधीच. धाकट्याच्या ते लक्षात आलं नाही, समोर त्याला मोकळा रस्ताच दिसतो. हॉस्पिटलच्या फाटकावरचा वॉचमनही त्याला कधी थांबवत नाही, फाटक आधीच उघडं असतं. गेल्या आठवड्यात धाकट्याने त्याला सहज विचारलं, "मामा, मी येतोय हे तुम्हाला कळतं कसं?"

"न कळायला काय झालं," वॉचमन म्हणाला. "तुमची ती पुढची बुटकी हिरवी गाडी येते ना, तिला आत घेतो आणि फाटक उघडंच ठेवतो." मग डोकं खाजवत त्याने विचारलं, "पण साहेब... आत जाते रोज. बाहेर कुठून पडते?"