तेरावा दिवस

"बाजूला व्हा!" साबातो ओरडला, पण तोवर निळ्या रंगाने भरलेली बादली हिंदकळलीच. चामड्याच्या कारखान्याच्या दारात उभ्या असलेल्या मुलीचे पांढरे बूट निळेशार झाले.

"धुतल्यावर जाईल ना हे?"

"माझे हात बघा. अकरा वर्षं धुतोय."

ती खळखळून हसली... आणि साबातो तिथेच खलास झाला.

ती लोरेदाना, सालेर्नोच्या विद्यापीठातली संशोधक. हेझलनटच्या टरफलांचा कोळसा काचेच्या नळीत भरून ती त्यातून चामडं कमावल्याचं सांडपाणी सोडणार होती. त्यातला क्रोम हा विषारी धातू आणि रंग, दोन्ही कोळशाला चिकटायचे. खालून नितळ पाणी यायचं. टरफलं साबातोच्या आईच्या बागेतली, म्हणून नळी सांभाळायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. त्याची काही तक्रार नव्हती.

"किती दिवस चालणार हे, डॉक्टरीणबाई?"

"कोळशात आणखी रंग मावेनासा होईपर्यंत. खाली रंग उतरला की प्रयोग संपला."

"आणि उतरलाच नाही तर?"

"तर माझ्यापासून सुटका नाही तुमची!"

तेराव्या दिवशी ती जेवायला गेलेली असताना नळीखाली निळसर थेंब उतरला. उद्यापासून ही येणार नाही? त्याने घाईघाईने जुना कोळसा काढला, ताजा भरला. एकदाच — असं त्याने स्वतःला बजावलं. मग पुन्हा एकदा, मग आणखी एकदा...

असे चाळीस दिवस गेले. 'तुम्ही'चं 'तू' झालं. भुरभुर पावसात एका छत्रीतून दोघं बसथांब्यापर्यंत चालू लागली. ती त्याची निळी नखं निरखायची, तो मुद्दाम हळू चालायचा.

तिच्या आकड्यांवर विसंबून मालकाने कोळशाची मोठी टाकी बांधली. टाकी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशी नदी निळी झाली. गावाच्या सभेत लोरेदाना मान खाली घालून म्हणाली, "चूक माझी आहे."

साबातोला ते सोसवलं नाही. उठून त्याने सगळ्यांदेखत खरं सांगून टाकलं.

सभेनंतर ती बसथांब्यावर उभी होती. छत्री त्याच्याच हातात होती.

"तू जाऊ नयेस म्हणून केलं गं..."

"नुसतं 'थांब' म्हणायला काय झालं होतं तुला?" ती म्हणाली. "इथल्या शाळेत नोकरी ठरवली होती मी. प्रयोग संपला की सांगणार होते. रोज वाट बघत होते, कधी एकदा संपतोय!"

"मग आता... थांब ना."

"आता माझ्या आकड्यांवर कुणाचा विश्वास नाही, साबातो. आणि माझा तुझ्यावर नाही."

बस आली. ती मागे वळून न बघता चढली.

दुसऱ्या दिवशी साबातोने नळी नव्याने भरली. रोज दुपारी पाणी तपासून तो वहीत टिपू लागला. तेराव्या दिवशी निळसर थेंब उतरला. ताज्या कोळशाचं पोतं शेजारीच होतं. दोन्ही हात खिशात घालून तो थेंब पडताना बघत राहिला.

मग त्याने तिला पत्र लिहिलं. दोनच ओळी.

'तेरा दिवस.

या वेळी मी हात लावला नाही.'