आजाचं ‘पाहू’

एकसष्ट होकार, शून्य नकार.

पंचायतीच्या भिंतीवरच्या पडद्यावर हे दोन आकडे हिरव्यागार अक्षरांत झळकत होते आणि बारा वर्षांची कालिंदी मारबते ते तिसऱ्यांदा वाचत होती. त्या एकसष्टांत तिचा आजा होता. गेली साठ वर्षं याच तलावात डोंगा हाकणारा, शिंगाडे काढणारा, मासोळ्या धरणारा सुखराम आजा तलाव झाकायला ‘हो’ म्हणेल? त्यापेक्षा तलावच उठून बाजाराला गेला असं कोणी सांगितलं असतं, तर तिनं आधी विश्वास ठेवला असता.

ठराव असा होता: पिंपळटोलीचा सगळा तलाव तरंगत्या सूर्यपट्ट्यांनी (उन्हापासून वीज करणाऱ्या काळ्या फळ्यांनी) झाकायचा. गावाला वीज मिळेल, हे खरं. पण पाण्याला ऊन मिळालं नाही तर शिंगाड्याचा वेल जगत नाही, हेही तितकंच खरं. हरकत घ्यायची मुदत उद्या संध्याकाळी पाचपर्यंत. त्यानंतर ठराव तालुक्याला जाणार आणि काम सुरू होणार.

“कोणीतरी लबाडी केली आहे,” कालिंदी पुटपुटली.

तिचा पहिला संशय सरपंच यामिनीताईंवर. सकाळी किराणा दुकानापाशी कालिंदी दिसताच ताईंना एकाएकी कांद्यांच्या ढिगात फारच रस वाटू लागला होता. दुसरा संशय पडद्याखाली चार्जिंगला लागलेल्या यंत्रमानवावर. त्याचं सरकारी नाव ‘सभासाक्षी’. उंची गुडघ्याएवढी, पोट पिंपासारखं, खाली चार चाकं. ग्रामसभेत प्रत्येकाचं म्हणणं ऐकायचं आणि इतिवृत्त (सभेत कोण काय बोललं, काय ठरलं याची नोंद) लिहायचं, हे त्याचं काम. गाव त्याला डबा म्हणायचं. आणि सभासाक्षी म्हटल्यावर तो ओ देत नसे, डबा म्हटल्यावर देई.

“डब्या, खरं सांग. आकडे कोणी बदलले?”

“माझ्या माहितीप्रमाणे कोणीच नाही.”

“आणि तू खोटं बोलत नाहीस कशावरून?”

“ते मी सांगून काय उपयोग?” डबा म्हणाला. “खोटं बोलणारासुद्धा हेच सांगेल. तू तपास.”

कालिंदीचा संशय दुप्पट झाला. ज्याच्यावर आळ घ्यावा त्यानंच झडतीला दार उघडून द्यावं, हे तिला अजिबात आवडलं नाही.

“एखादं वाक्य सांग,” डबा म्हणाला.

“माझा आजा तलाव झाकणार नाही.”

पडद्यावर अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक, अर्थ नसलेली ओळ उमटली.

“आता त्यातलं एकच अक्षर बदल.”

“माझी आजा तलाव झाकणार नाही,” कालिंदी म्हणाली आणि स्वतःशीच फिसकन हसली. पडद्यावरची ओळ बदलली. एखादं अक्षर नव्हे, सगळी ओळच पार निराळी झाली.

“याला म्हणतात ठसा,” डबा सांगू लागला. “ताक घुसळावं तसं गणिताचं एक सूत्र सगळा मजकूर घुसळतं आणि त्यातून ही ओळ काढतं. ओळीवरून मजकूर परत काढता येत नाही. पण मजकुरात एक वेलांटी जरी हलली, तरी ठसा जुळत नाही. सभा संपल्या संपल्या इतिवृत्ताचा ठसा आसपासच्या सात गावांच्या यंत्रांत जातो. तुमच्या शाळेच्या संगणकातही जातो.”

कालिंदीनं विचार केला. “म्हणजे इथे बसून कोणी गुपचूप नोंद बदललीच, तर इथला ठसा बदलेल. पण तिकडे सात गावांत जुनाच राहील. म्हणजे चोरी उघडी पडेल.”

“बरोबर. सगळ्यांची नोंद एकाच कुलपात ठेवली, तर किल्लीवाल्यावर भरवसा ठेवावा लागतो. ठसा सगळ्यांकडे असला, की कोणावरच ठेवावा लागत नाही.”

“तुझ्यावरही?”

“माझ्यावर तर मुळीच नाही.”

कालिंदीनं कालच्या सभेच्या इतिवृत्ताचा ठसा पडद्यावर मागवला आणि ती सगळी ओळ पेनानं तळहातावर उतरवून घेतली. तळहात संपला तेव्हा मनगटावर आली. मग ती धावत शाळेत गेली आणि तिनं संगणकातल्या ठशाशी एकेक अक्षर जुळवून पाहिलं. चौसष्टच्या चौसष्ट जुळली.

म्हणजे नंतर कोणी काही बदललं नव्हतं. कालिंदीला क्षणभर वाईटच वाटलं, इतका छान संशय फुकट गेला. पण परतीच्या वाटेवर ती मध्येच थांबली. नंतर बदललं नाही. मग चूक लिहितानाच झाली असेल तर? खोट्याचाही ठसा खराच उमटणार की!

आजा काठावर डोंग्याला डांबर लावत बसला होता. कालचे आकडे कळल्यापासून तो कोणाशी धड बोलला नव्हता.

“आजा, तू हो म्हटलं होतंस का?”

“मी काहून हो म्हणीन वं?” आजा उसळला. “माह्या तलावावर झाकण घालाले मीच हो म्हणीन?”

“मग चल माझ्यासंगं. डब्याला तोंडावर विचारू.”

ग्रामसभेचं ध्वनिमुद्रण कोणालाही ऐकता येत होतं. तोच तर खुल्या कारभाराचा (जो लोकांपासून झाकून ठेवलेला नाही अशा कारभाराचा) नियम होता. डब्यानं हवा तो भाग लावला. आधी त्याचा स्वतःचा आवाज आला, “सुखराम मारबते, तुमचं मत?” मग खाकरणं. आणि मग आजाचा आवाज:

“पाहू.”

“बस! सापडलं!” कालिंदी ओरडली. “पाहू म्हणजे नाही!”

वाचकहो, तुम्ही पिंपळटोलीचे नसाल, तर इथे थोडं थांबायला हवं. त्या गावात तोंडावर ‘नाही’ म्हणणं म्हणजे पाहुण्यापुढचं ताट उचलून नेण्यासारखं मानतात. लग्नाचं आमंत्रण दिल्यावर पाहुणा ‘येतो’ म्हणाला, तर तो येतो. ‘पाहू’ म्हणाला, तर त्याच्या वाटणीचा तांदूळ शिजवायचा नाही. हे तिथे तान्ह्या लेकरालाही कळतं. डब्याला तेवढं कळत नव्हतं.

“साऱ्या गावाला माहीत आहे!” कालिंदी म्हणाली. “मग तू होकार काहून लिहिलास?”

“माझा नियम दाखवतो. तोही झाकलेला नाही.”

पडद्यावर साध्या मराठीत नियम उमटला. नियम चौदा: ‘ठीक’, ‘चालेल’, ‘पाहू’ यांपैकी एखादा शब्द आल्यास होकार धरावा.

“हा नियम कोणी लिहिला?” कालिंदीनं डोळे बारीक केले. आता खरा चोर सापडणार होता.

“तुमच्या गावानं,” डबा म्हणाला. “मला कामाला लावताना वीस वर्षांच्या सभांची ध्वनिमुद्रणं आणि इतिवृत्तं शिकायला दिली होती. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. सभेत नऊशे बारा वेळा कोणीतरी ‘पाहू’ म्हणालं होतं. नऊशे बाराही वेळा कागदावर पुढे लिहिलं होतं, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. सर्वानुमते म्हणजे एकाचाही विरोध नसताना. मग मला वाटलं, पाहू म्हणजे होच.”

आजा बाकावर बसला. हाताचं डांबर धोतराला लागतंय याचंही त्याला भान नव्हतं.

“म्हणजे आम्हीच शिकवलं त्याले,” तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात दारात सावली पडली. यामिनीताई. हातात कांद्यांची पिशवी.

“ताई, तुम्ही तर इथल्याच!” कालिंदी म्हणाली. “तुम्हाला पाहूचा अर्थ माहीत नव्हता?”

ताईंनी पिशवी खाली ठेवली. “माहीत होता गं. गावाला वीज हवी, म्हणून माझी धडपड चालली होती. डब्यानं होकार लिहिला, तो माझ्या सोयीचा होता. म्हटलं, यंत्रानं लिहिलं, मी कुठं लिहिलं? लपले त्याच्यामागं.”

“तो तर गुडघ्याएवढाच आहे,” कालिंदी म्हणाली.

“म्हणून तर सापडले,” ताई म्हणाल्या आणि त्यांचे कान लाल झाले.

“हरकत आली, तर ठराव पुन्हा सभेपुढे जाईल,” डब्यानं सांगितलं. “प्रश्न विचारायला वयाची अट नाही, कालिंदी. हरकत मात्र मतदारालाच घेता येते.”

सगळ्यांनी आजाकडे पाहिलं. आजानं जमिनीकडे पाहिलं.

“सुखराम मारबते, हरकत घेता?”

आजा खाकरला. समोर सरपंच उभ्या, आणि सत्तर वर्षांची सवय.

“पाहू,” आजा म्हणाला.

कालिंदीनं कपाळाला हात लावला. पण डब्याचे दिवे दोनदा लुकलुकले.

“आजा,” त्यानं विचारलं, “हे पाहू कोणतं?”

आजानं मान वर केली. आजवर एकाही सभेत त्याला हे कोणी विचारलं नव्हतं.

“नाई,” तो म्हणाला. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाला. “नाई! तलाव झाकाचा नाई! लिही त्याच्यात. लिहिलं का?”

स्वतःच्याच आवाजानं तो दचकला. यामिनीताई बाकाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, “लिही रे डब्या. मोठ्या अक्षरात लिही.”

आठ दिवसांनी सभा भरली. आता नियम चौदा असा होता: ‘पाहू’ आल्यास पुन्हा विचारावं. त्या दिवशी डब्यानं एकोणचाळीस जणांना ‘हे पाहू कोणतं?’ म्हणून विचारलं. काही लाजले, काही चिडले. एक आजीबाई म्हणाली, “बाप्पा, एवढं तर माह्या नवऱ्यानंबी कधी विचारलं नाई!” शेवटी पडदा हिरवा झाला: सतरा होकार, चव्वेचाळीस नकार.

मग तलावाचा नकाशा सगळ्यांच्या फोनवर आला. शिंगाडे कुठं आहेत, मासोळ्या कुठं अंडी घालतात, पाणी कुठं इतकं खोल आहे की तिथं काहीच लावत नाहीत, हे ज्यानं त्यानं बोटानं रेघा ओढून दाखवलं. फोन नसलेल्यांनी डब्याच्या पोटावरच्या काचेवर ओढल्या. सगळ्या रेघा एकावर एक ठेवल्या तेव्हा उत्तरेचा खोल कोपरा मोकळा दिसला. सूर्यपट्ट्या तिथं आणि उरलेल्या शाळेच्या छतावर, असं ठरलं. यामिनीताईंना वीज मिळाली. वेलांना ऊन मिळालं.

पिंपळटोलीचा नवा नियम उघडाच असल्यामुळे दुसऱ्या गावांनीही तो वाचला. महिन्याभरात दूरच्या एका गावच्या डब्याचा निरोप आला: ‘आमच्याकडे लोक “बघूया” म्हणतात. तोच आजार आहे का?’

कालिंदी मात्र अजूनही दर सभेनंतर ठसा तळहातावर उतरवून घेते आणि शाळेत जाऊन जुळवते. “अजून संशय?” डबा विचारतो. “अजून,” ती म्हणते. डब्याला ते आवडतं असं तिला वाटतं, पण याचीही तिला खात्री नाही.

शिंगाड्यांना पांढरी फुलं आली, तेव्हा तिनं काठावर आजाला गाठलं.

“आजा, मी एकटीनं डोंगा नेऊ?”

“पाहू,” आजा म्हणाला.

“कोणतं पाहू?”

आजानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग डोंग्यातला बांबू उचलून तिच्या हातात दिला आणि स्वतः काठावर मांडी घालून बसला.

“खरंखुरं पाहू,” तो म्हणाला. “हाक. मी पाहतो.”