ताट दाखव

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटायची नाही त्यांनी इथंच थांबावं, खाली कमेंटमध्ये येऊन मला अक्कल शिकवू नये.

बबिता माझी धाकटी जाऊ. जिंतूरला शाळेवर शिकवते. थापा मारणारी बाई नाही, आणि भुताखेतांवर तर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या घरात बुद्धवंदना होते, गंडेदोरे होत नाहीत.

'नव्हता' म्हणाले, ते उगीच नाही.

शनिवार होता. फेब्रुवारी संपत आलेला. भर दुपारची वेळ, एक वाजायला पाच-दहा मिनिटं कमी. गाव देवगाव फाट्यापासून तीन किलोमीटर आत. नाव सांगणार नाही, माणसं राहतात अजून तिथं.

त्या दुपारी बबितानं माहेरच्या घराचं कुलूप उघडलं, ते रागानं धुमसतच.

राग कशाचा, ते आधी सांगते.

बबिताची आई कुसुमबाई गावात एकटीच राहायची. नवरा सिताराम जाऊन सहा वर्षं झालेली. लेक नागेश पुण्यात, कंपनीत. म्हातारी दरवेळी म्हणायची, "मला घेऊन चल की रे, कोपऱ्यात पडून राहीन." तो दरवेळी म्हणायचा, "पुढच्या महिन्यात बघू." तो पुढचा महिना काही उजाडला नाही.

दिवाळीच्या आधी म्हातारी मोरीत पाय घसरून पडली. नागेश धावत आला. बबिताला वाटलं, आता तरी नेतो आईला.

त्यानं काय आणलं? कॅमेरा!

गोल, पांढरा. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी भिंतीवर ठोकला. आत सिमकार्ड. पुण्यात बसून घर दिसणार. घरात माणूस हलला की कॅमेरा त्याच्या मागं मान वळवणार, आणि मोबाईलवर 'माणूस दिसला' असा मेसेज येणार. पुण्यातून बोललं की इथं भिंतीतून आवाज. बबिताच्या मोबाईलातही नागेशनं ते अ‍ॅप टाकून दिलं.

"ताई, काळजी मिटली बघ आता."

"कुणाची?" बबिता म्हणाली. "तिची का तुझी?"

कुसुमबाईला शुगर होती. जेवणाआधी गोळी, आणि गोळी घेतली की लगेच जेवण, असं डॉक्टरनं बजावलेलं. पण एकटीसाठी रांधायचा तिला कंटाळा. म्हणून नागेशनं नियम घातला. रोज एक वाजता गोळी घ्यायची, ताट वाढायचं आणि कॅमेऱ्यापुढं धरायचं.

भिंतीतून आवाज यायचा, "आई, ताट दाखव."

ती दोन्ही हातांनी ताट उचलायची. भाकरी, वरण, कडेला ठेचा.

"बरं. जेव आता."

मग ती जेवायची. 'जेव' ऐकल्याशिवाय घास तोंडात घालायची नाही. शेजारची सुलाबाई तिला हसायची.

"अवो कुसुमबाई, भित्ताड जेवू घालायलंय का तुमाला?"

"भित्ताड न्हाई गं. माजं लेकरू हाय त्यात. त्यानं बगितल्याबिगर कसं खाऊ?"

आणि एका मंगळवारी म्हातारी गेली.

सुलाबाईला ती संध्याकाळी पाच वाजता दिसली. कॅमेऱ्याखाली, भिंतीला टेकून बसलेली. मांडीवर ताट. गोळी घेतलेली होती, पण भाकरी अख्खी... एक तुकडा मोडलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, शुगर एकदम खाली गेली असावी.

"लाईट नव्हती," नागेश सगळ्यांना सांगत होता. "कॅमेराच बंद होता. नाहीतर मी बघितलं नसतं का?"

जलदान विधीच्या दिवशी सुलाबाईनं बबिताला बाजूला घेतलं. "बबे, लाईट व्हती की गं. मी त्याच टायमाला गिरणीवरून दळन आनलं."

बबिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी चार माणसांत ती गप्प बसली. आईनं त्या दुपारी हाक मारली होती का? आणि मारली असेल तर ती कुणी ऐकली? एवढंच तिला पाहिजे होतं. नागेश डोळ्याला डोळा देईना आणि दुसऱ्याच दिवशी पुण्याला पळाला.

तर, तो शनिवार.

सकाळची शाळा सुटल्यावर ती तशीच एसटीनं फाट्यावर उतरली आणि रिक्षानं गावात आली. आईची लुगडी आवरायची होती. त्याहून जास्त, तो कॅमेरा भिंतीवरून उपटून काढायचा होता.

आत शिरली. घर बंद राहिल्याचा वास.

वर बघितलं. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा चालूच होता.

"बघ, बघ," ती दातओठ खात म्हणाली. "आता काय बघायचं राहिलंय?"

ती ट्रंक उघडून बसली. बाहेर सगळं सामसूम. गल्लीत एक कुत्रंसुद्धा नव्हतं.

आणि मग...

कुर्र.

तिनं मान वर केली. कॅमेरा वळत होता. तिच्याकडं नाही... चुलीकडं.

चुलीपाशी कुणीच नव्हतं.

कुर्र... कुर्र...

कॅमेरा सावकाश चुलीकडून पाण्याच्या रांजणाकडं वळला. थांबला. रांजणाकडून गोळ्यांच्या फळीकडं. थांबला. म्हातारं माणूस भिंतीला धरून चालतं ना, तेवढ्याच चालीनं.

बबिता उठून मुद्दाम त्याच्या समोरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेली. कॅमेरा तिच्या मागं वळला नाही.

भ्यायचं सोडून ती भडकलीच. तिला वाटलं, नागेश पुण्यात बसून मान फिरवायलाय. तिनं त्याला फोन लावला.

"काय तमाशा लावलाय रे? कशाला फिरवायलास कॅमेरा?"

"कुठला कॅमेरा?" नागेशचा आवाज बारीक झाला. "ताई, मी त्या दिवशीच अ‍ॅप काढून टाकलं. माझ्या मोबाईलात न्हाईच ते."

"खोटं बोलू नको! माझ्यापुढं फिरायलाय इथं!"

"आईच्यान, ताई..."

"आईचं नाव घेऊ नको तू!"

तिनं पुढं होऊन प्लग खेचला. हिरवा दिवा विझला. वायर तिच्या हातात लोंबत राहिली.

कुर्र...

कॅमेऱ्यानं मान खाली केली. अगदी खाली, भिंतीच्या पायथ्याशी. जिथं म्हातारी सापडली होती, तिथं.

खण्ण...

स्टीलचं ताट. बांगडीवर आपटल्यासारखं. आवाज इतका जवळून आला की बबिता एक पाऊल मागं सरकली.

आणि त्या विझलेल्या कॅमेऱ्यातून, खरखरत, दम लागल्यासारखा...

"नागेशा... दिसलं का रे ताट?"

फोन चालूच होता. पलीकडं नागेशनंही ऐकलं होतं. तो लहान पोरासारखा रडायला लागला.

"दिसलं होतं गं ताई... मला दिसलं होतं त्या दिवशी..."

"काय?"

"लाईट होती. मी खोटं बोललो. कंपनीचे पाहुणे आले होते, हॉटेलात बसलो होतो सगळे. मोबाईल उघडला तर आई ताट धरून उभी. चार साहेबांसमोर 'आई, ताट दाखव, जेव आता' असं कसं बोलू? लाज वाटली. मी बंद केलं."

"आणि तू काय केलंस?"

त्यानं नाक ओढलं.

"बोल! तू काय केलंस मग?"

"जेवलो."

बबितानं त्याला जे जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. गल्लीपर्यंत आवाज गेला म्हणे. "लाज वाटली? तिच्या ताटाची लाज वाटली तुला? त्याच हातांनी वाढलेलं खाऊन मोठा झालास ना रे! मुडद्या, एक शब्द बोलायचा होता. एकच! तेवढ्यावर जगली असती माझी माय!"

ती दमली तेव्हा नागेश हुंदके देत म्हणाला, "मला वाटलं तू बोलशील. एकला तुझी मधली सुट्टी असते. अ‍ॅप तर तुझ्याकडं पण होतं ना, ताई..."

बबितानं फोन कानापासून खाली घेतला.

होतं. अ‍ॅप तिच्याकडंही होतं.

कोंबडी आत शिरली तरी मेसेज यायचा. वर्गात सारखं टिंग-टिंग. मुलं हसायची, हेडमास्तर बोलले एकदा. म्हणून डिसेंबरातच तिनं त्याचा आवाज बंद करून टाकला होता. नागेश बघतोच आहे रोज, असं म्हणून नंतर कधी उघडलंही नव्हतं.

तिनं ते उघडलं. मंगळवार.

एक वाजून चार मिनिटं. माणूस दिसला.

एक वाजून नऊ. माणूस दिसला.

एक सोळा... एक बावीस... एक सत्तावीस...

एकतीस मेसेज होते. शेवटचा तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी. अडीच तासांच्या वर म्हातारी ताट घेऊन तिथं होती, आणि दोन लेकरांच्या खिशात तिचं घर होतं.

"जेवू का..." भिंतीतून आवाज आला. आधीपेक्षा बारीक. "जेवू का रं?"

नागेशच्या तोंडून नुसता हुंदका येत होता. बबिता भिंतीच्या पायथ्याशी बसली, ज्या जागेकडं कॅमेरा बघत होता त्या जागेसमोर. दिसत काहीच नव्हतं.

"दिसलं गं माय ताट," ती म्हणाली. "जेव. जेव तू."



मग ताट जमिनीवर टेकल्याचा आवाज आला... आणि कॅमेऱ्याची मान आपोआप सैल पडली.

बबितानं मोबाईलातला मेसेजचा आवाज पुन्हा चालू केला आणि कॅमेऱ्यातलं सिमकार्ड काढून घेतलं. कॅमेरा काढायची मात्र छाती झाली नाही. घराला कुलूप लावून ती जिंतूरला घरी आली, ते तापानं फणफणूनच.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, एक वाजता तिचा मोबाईल वाजला.

माणूस दिसला.

प्लग काढलेला, सिम नाही, घराला कुलूप. मी स्वतः बघितलाय तो मेसेज. उघडलं की पडदा काळा. नुसती ताटाची बारीक खणखण. बबितानं माईक दाबला, "जेव, माय" म्हणाली, आणि खणखण थांबली.

नागेशनं पुन्हा अ‍ॅप घेतलं. दोघांनी वाटणी केली. सोमवार ते शुक्रवार त्यानं बोलायचं, शनिवार-रविवार तिनं. पाहुणे असोत, साहेब असोत, एक वाजला की नागेश जिथं असेल तिथून मोठ्यानं म्हणायचा, "आई, जेव." महिनाभर चाललं. बबिताचा रागही जरा निवला. म्हणायची, "मेल्यावर का होईना, लेक हाक द्यायलाय तिला."

मग आला तो शुक्रवार.

शाळेला जिंतूरच्या जत्रेची सुट्टी होती. आदल्या दिवशी बबिता बोलता बोलता भावाला म्हणालेली, "उद्या घरीच आहे मी." त्याला वाटलं, ताई घरी आहे, ताई बोलेल; त्यानं मोबाईलचा आवाज बंद केला. हिला वाटलं, शुक्रवार आहे, त्याची पाळी. हिनं फोन आत चार्जिंगला लावला आणि आम्ही दोघी गच्चीवर पापड वाळत घालत बसलो.

संध्याकाळी पाच वाजता फोन वाजला. सुलाबाई.

"बबे... तुमच्या घरात कोन हाय गं? कुलूप तर हाय भाईर. पर दुपारपासून ताट वाजायलंय आत... मगा वाजायचं थांबलं."

बबितानं फोन कापला, अ‍ॅप उघडलं. मेसेजच मेसेज. शेवटचा तीन एक्केचाळीसचा. तिनं माईक दाबला. मोबाईल मी धरून ठेवला.

"माय! दिसलं गं ताट! जेव... जेव ना गं!"

काळा पडदा.

"माय, चुकलं. जेव की गं..."

खरखर झाली. मग अगदी लांबून, थकलेला आवाज आला. मीही ऐकला. आधी माझा विश्वास नव्हता, आता आहे.

"राहू दे, बाई... भूक मेली आता."

त्यानंतर एकही मेसेज आलेला नाही. घर तसंच आहे, कॅमेरा भिंतीवर तसाच. सुलाबाई म्हणते, आत काही वाजत नाही.

नागेश-बबिता एकमेकांशी बोलत नाहीत. बबिता रोज एक वाजता वर्गाबाहेर येते, फोन हातात धरून उभी राहते आणि त्या काळ्या पडद्याला म्हणते, "जेव, माय." हेडमास्तर एकदा काहीतरी बोलायला गेले, तर तिनं त्यांना असं झापलं की पुन्हा वाटेला गेले नाहीत.

तीन वाजून एक्केचाळीस मिनिटं होईपर्यंत ती स्वतः घास खात नाही. सुट्टीच्या दिवशी घरी मी ताट वाढून पुढं ठेवते, तर माझ्यावरच खेकसते.